मागच्या गेटवरचा ढोल

शिवांगी : नाही बांधणार म्हणजे नाही बांधणार! ढोल इथे खाली राहील आणि मी ढोलावर राहीन.

बाबा : शिवा, आधी त्याच्यावरून ऊठ. पूजा करतो आपण त्याची.

शिवांगी : उठले. सॉरी, ढोलबाप्पा. आता माझं ऐकाल?

बाबा : सगळे पोट्टे तुझ्याकडेच पाहून राहिले. पहिल्या रांगेतली मुलगी अशी रुसून बसली तर मागच्यांनी काय करायचं? टीमच्या मालकाची गाडी यायची वेळ झाली. आज पहिली मॅच आहे बापा, अख्खं लखनऊ आत स्टेडियममध्ये भरलंय!

शिवांगी : अख्खं लखनऊ आत आहे, आणि आपल्याला मात्र मागच्या गेटवर उभं केलंय. ढोल-ताशा पथक स्वागताला बोलावतात ते पुढच्या दारात उभं करायला. इथे कुणाचं स्वागत करायचं? कचऱ्याच्या गाडीचं?

बाबा : काहीतरी प्लॅनिंग असेल त्यांचं.

शिवांगी : आहेच प्लॅनिंग! काल मी अनुष्काला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले होते.

बाबा : तुझ्या हॉकीच्या टीममधली मैत्रीण ना? वाईट झालं. गर्दीत चेंगरली बिचारी. तुझ्या आईनं डबाही पाठवला.

शिवांगी : चेंगरली नाही, बाबा. हाणलंय तिला. गळ्याखालचं हाड मोडलंय, पुढचे दात गेलेत. हसायला गेली की ओठाचा टाका ताणतो आणि रक्त येतं. तरी हसतेय, पागल! मला बघून म्हणाली, "तेरा वाला ठेका पहचान लिया था मैंने."

बाबा : कुठला ठेका?

शिवांगी : बुधवारचा! बुधवारी आपण इथेच वाजवत होतो ना? याच जागी, ट्रॉफीच्या स्वागताला. आता ही भिंत बघा. हिच्या पलीकडे काय आहे?

बाबा : तुमचं हॉकीचं मैदान. पाण्याच्या टंकीवालं.

शिवांगी : होतं. आता अर्धंच उरलंय. बुधवारी अर्ध्यावर बुलडोझर फिरला, कारण नव्या स्टेडियमला गाड्या लावायला जागा पाहिजे. माझ्या टीमच्या मुली आडव्या बसल्या आणि बाउन्सरांनी त्यांना काठ्यांनी झोडपलं. त्या जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, आणि भिंतीच्या या बाजूला आपण काय करत होतो? "अरे जोरात! अजून जोरात!"

बाबा : मला काहीच ऐकू नाही आलं, शिवा.

शिवांगी : कसं येणार? त्यासाठीच तर बोलावलं होतं आपल्याला!

बाबा : हट्! काहीही बोलून राहिली. अभिजितनं बोलावलं आपल्याला. पुण्याचा मुलगा आहे तो. टीमचे सगळे कार्यक्रम तोच पाहतो. आपल्या मराठी मंडळात आला, मग घरी येऊन मांडी घालून वरणभात जेवला, तुझ्या आईच्या पाया पडला. मी चारबागच्या रेल्वे ऑफिसात इतकी वर्षं घासली, पण "काका, तुमचंच पथक पाहिजे" असं मराठीत कुण्या मोठ्या माणसानं म्हटलं नव्हतं.

शिवांगी : हेच! हेच म्हणतेय मी! इथे कुणी मराठीत बोललं की आपण तुपासारखे वितळतो. तोच हिंदीत आला असता तर तुम्ही त्याला उभा-आडवा सोलला असता. कोण, कुठला, मागच्या गेटवर काहून? त्यानं "काका" म्हटलं आणि तुम्ही ताशा काढलात!

बाबा : आवाज खाली कर.

शिवांगी : मी पण तुमच्यासारखीच आहे, म्हणून तर चिडतेय. बुधवारी मला दिसलं होतं, बाबा. पहिल्या रांगेतून भिंतीच्या वरचं दिसतं. एक काठी वर जायची, खाली यायची. वर, खाली. आणि मला वाटलं, मंडपाच्या खुंट्या ठोकताहेत. आमच्याच ठेक्यावर ठोकताहेत म्हणून मला गंमत वाटली! मी त्या काठीच्या तालावर ढोलावर टिपरू हाणत होते, आणि खाली अनुष्का होती.

बाबा : तुला दिसलं, तर थांबली काहून नाही?

शिवांगी : पथकात कुणी आपलं आपण थांबतं का? तुम्हीच शिकवलंय. ताशानं तोड दिल्याशिवाय ढोल बंद होत नाही, मग हात तुटो की पाय. आणि ताशा तुमच्या गळ्यात. तुमचं तोंड आमच्याकडे, पाठ भिंतीकडे.

बाबा : ताशावाल्यानं पथकाकडे पाठ करायची नसते.

शिवांगी : माहितीये. म्हणजे ज्यांना दिसतं त्यांना थांबता येत नाही, आणि ज्याला थांबवता येतं त्याला दिसत नाही! आज माझ्या मुली उरलेल्या अर्ध्या मैदानावर बसल्यात, बाबा. मी पण तिथेच असायला हवं होतं. मी इथे आले ती फक्त तुम्हाला एक गोष्ट सांगायला. आज एकदा, फक्त एकदा, मागे वळून बघा.

अभिजित : अरे वा! बापलेकीचं गुफ्तगू चाललंय का? काका, ताशा अजून खालीच? चला चला, उचला. आमचे सर पोचलेत.

बाबा : अभिजित, बरा आलास. ही पोट्टी काही विचारून राहिली. तिला जरा नीट समजावून सांग.

अभिजित : विचार ना बाळा. आपल्या माणसापाशी कसली लाज?

शिवांगी : हे स्टेडियम कुणाचं?

अभिजित : तुमचं! पब्लिकचं. सरकारनं बांधलंय. आमची टीम इथे फक्त खेळते.

शिवांगी : म्हणजे पैसे लोकांचे. मग तिकिटाचे पैसे कुणाला?

अभिजित : टीमला. खर्च असतात, बाळा.

शिवांगी : पार्किंगचे?

अभिजित : टीमला.

शिवांगी : समोशाचे, जाहिरातींचे, वर ते चमचम करणारं नाव लावलंय त्याचे?

अभिजित : करारच तसा आहे.

शिवांगी : आणि छप्पर गळलं तर?

अभिजित : ते सरकार बघतं.

शिवांगी : वाह! म्हणजे घर आपण बांधून द्यायचं, गळलं तर आपणच डागडुजी करायची, आणि आत जायचं तर यांच्याकडून तिकीट काढायचं. बाबा, तुम्ही रेल्वेत असे पूल बांधता का?

बाबा : शिवा.

अभिजित : बोलू द्या काका, हुशार आहे. हे बघ, तुला बेसिक सांगतो. आमचे सर तिकिटांवर कमावतच नाहीत. टीम कागदावर तोट्यात असते. सर कमावतात टीम विकतात तेव्हा. स्टेडियम आहे म्हणून टीमला भाव, आणि मोठ्या गाड्यांना जागा आहे म्हणून स्टेडियमला भाव. गाड्या नाहीत तर मोठे लोक नाहीत. मोठे लोक नाहीत तर "अवध शमशीर" ही चार फाटक्या पोरांची हॉकी टीम आहे.

शिवांगी : आणि त्या भावापायी हॉकीच्या मुलींचं मैदान खायचं? हॉकीच्या टीमसाठी?

अभिजित : दुसरं शहर जमीन फुकट द्यायला तयार बसलंय. सरांनी इथल्या लोकांना साफ सांगितलंय, आज पार्किंग मोकळं झालं नाही तर उद्या सामान ट्रकमध्ये. टीम तिकडची.

शिवांगी : नाव अवध आणि खेळणार तिकडे?

अभिजित : नाव बदलायला एक दुपार पुरते.

बाबा : अभिजित, मला एकच सांग. बुधवारी भिंतीपलीकडे काय झालं?

अभिजित : साफसफाई.

बाबा : पोरींना मारलं का?

अभिजित : काका, तुम्ही इंजिनिअर आहात. रूळ टाकताना झाडं तोडता की नाही?

बाबा : झाडं ओरडत नाहीत, बापा.

अभिजित : म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

शिवांगी : ऐकलंत? ऐकलंत ना, बाबा? स्वतःच्या तोंडानं बोलला!

बाबा : सामान गोळा करा रे सगळे! हणमंतराव, पथकात मोठे तुम्हीच, पोरांना गाडीत बसवा. आपण नाही वाजवत.

अभिजित : कुठल्या गाडीत? गेटला कुलूप आहे, काका. त्या काळ्या कपड्यातल्या पोरांकडे बघा जरा. त्यातला तो जाड्या बघा, बुधवारी त्यानं काठी मोडली आणि मग पायानं काम केलं. तुमच्यासोबत आज एवढी मुलं आहेत. कुणाची आई आर्मी क्वार्टर्समध्ये वाट बघतेय, कुणाची इंदिरा नगरात. सगळी धड घरी जावीत असं मलाही वाटतं.

बाबा : धमकी देऊन राहिला तू? माझ्या घरी जेवला होतास!

अभिजित : चांगला होता वरणभात. आता ताशा उचला. उभं राहायची जागा तीच. पाठ भिंतीला.

शिवांगी : नाही वाजवणार आम्ही! काय करशील? आं? काय कर... आई गं! सोड! हात सोड माझा!

अभिजित : टिपरू याच हातात धरतेस ना? बोटं बारीक आहेत गं तुझी. काडीसारखी मोडतील.

बाबा : सोड तिला! अभिजित! सोड, वाजवतो मी. वाजवतो म्हटलं ना!

अभिजित : घ्या. सोडला. किती सोपं होतं. हात झटक, बाळा, आणि ढोल बांध.

शिवांगी : बाबा, नका ना.

बाबा : ढोल बांध, शिवा.

शिवांगी : बाबा!

बाबा : मागे छोटी पोरं आहेत. अनघा आहे, निनाद आहे. त्यांच्या आईबापांनी माझ्या भरवशावर पाठवलंय त्यांना. बांध तू. दोरी आवळ. अजून आवळ. रडू नको, डोळे पूस. पुसलेले डोळे समोर ठेव. समजलं? समोर.

शिवांगी : समोर भिंत आहे.

बाबा : माहीत आहे मला. काही दिसलं तर सांगशील.

(ताशा कडाडतो, ढोल उचलतात. इथून पुढचं सगळं बोलणं घसा फाडून.)

शिवांगी : बाबा! बुलडोझर सुरू झाला! धूर दिसतोय!

बाबा : हात बदला! दुसरा हात घ्या! दुसरा!

अभिजित : जोरात! काका, जोरात! सर खुर्चीवर बसलेत! सरांना फक्त ढोल ऐकू आला पाहिजे!

शिवांगी : काठ्या आल्या वर! बाबा, काठ्या! तशाच! वर-खाली! वर-खाली!

अभिजित : ए पोरी, तोंड बंद! वाजव!

शिवांगी : भिंतीवर कुणीतरी चढतंय! हात आहे, बाबा! मुलीचा हात! लाल कडं... शबानाचं कडं आहे ते! आमची गोलकीपर आहे ती! बाहेर यायला बघतेय!

बाबा : रेषा सोडू नका! निनाद, ठेका धर!

शिवांगी : तिच्या बोटांवर मारताहेत! बाबा, तिच्या बोटांवर काठी मारताहेत! ती सोडत नाहीये! बघा ना! बाबा, वळा! तुमच्या आईची शप्पथ, वळा!

अभिजित : वळायचं नाही! काका! पाठ भिंतीला! ए, काका! काय करताय? पुढे बघा!

शिवांगी : वळले! बाबा वळले!

अभिजित : म्हाताऱ्या, पुढे तोंड कर! ताशा... ए, ताशा थांबवायचा नाही!

बाबा : तोड!

शिवांगी : तोड! थांबा! सगळे थांबा!

बाबा : श्श. कुणी हलू नका.

शिवांगी : ऐकताय, बाबा?

बाबा : हो.

शिवांगी : ती शबाना आहे. तो मोठा आवाज ज्योतीचा. ती "मम्मी" म्हणतेय ना, ती सगळ्यात छोटी आहे, सातवीत. तिला मी पेनल्टी मारायला शिकवलं.

बाबा : असं वाजत होतं होय ते. बुधवारी पण.

अभिजित : वाजवा! वाजवा, मूर्खांनो! आत सगळे उभे राहिलेत! कॅमेरे इकडे वळताहेत! माइक उघडे आहेत सगळे! ताशा दे इकडे, मी वाजवतो!

बाबा : हात नको लावू ताशाला.

अभिजित : दे म्हणतो ना! हे घे! हे घे मग!

शिवांगी : बाबा! हातातल्या वायरलेसनं मारलं यानं! बाबांच्या डोक्यात मारलं! रक्त... सोड त्यांना! कॉलर सोड!

अभिजित : लाखो लोक बघताहेत, कळतंय का तुला! सर माझी चामडी सोलतील!

शिवांगी : मग घे! हे घे! या हातानं मोडणार होतास ना बोटं? हे घे टिपरू! अजून एक! अजून!

अभिजित : आई गं! मनगट! माझं मनगट तोडलं हिनं!

बाबा : पुरे, शिवा! पुरे! मरेल तो. मागे हो. हणमंतराव, भिंतीतलं ते लोखंडी दार पाहता का? कडी आपल्या बाजूनं आहे. उघडा ती.

अभिजित : अरे, दार उघडलं तर... पकडा यांना! ए पहलवान! मारो सालों को!

शिवांगी : येताहेत, बाबा! सगळे काळे कपडेवाले इकडे येताहेत! त्या जाड्याच्या हातात काठी आहे!

बाबा : ढोल पुढे घ्या! सगळ्यांनी ढोल पुढे घ्या! छोटे पोट्टे मधे! काठी आली तर ढोलावर घ्या, अंगावर नको!

शिवांगी : आई गं! पान फाटलं माझं! ढोलाचं पान फाटलं, बाबा, माझं काही नाही! निनाद, डावीकडे! डावीकडे, अरे यार! अनघा, डोकं खाली!

बाबा : हणमंतराव, तुमच्या भुवईवर...

शिवांगी : त्यांनी हसून उडवलं, बाबा! म्हणाले, एअरफोर्समध्ये याहून जास्त मार मेसमध्ये खाल्लाय! जाड्याच्या पोटात ढोल घातला त्यांनी! पडला! जाड्या पडला! उताणा!

बाबा : त्याला तुडवायचं नाही! पाय लावायचा नाही कुणी! त्यानं लावला होता, आपण नाही. कडी निघाली, दार उघडलं. तिकडे चला.

अभिजित : काका. काका, ऐका ना. मी तुम्हाला पुढचं गेट देतो. उद्यापासून पुढचं गेट. तुमच्या मंडळाचा गणपती आत बसवू, स्टेडियममध्ये, सगळ्यात पुढे. आपली माणसं आहोत आपण. काका, माझं रक्त येतंय.

बाबा : माझंही येऊन राहिलं. रुमाल आहे का तुझ्याकडे?

अभिजित : आहे.

बाबा : मग बांध मनगटाला. आणि बाजूला हो.

शिवांगी : बाबा, आत जायचं? त्या बाजूला अजून आहेत ते. बुलडोझर पण चालूच आहे. आपल्याला पण मारतील.

बाबा : तुझी सातवीतली पोट्टी कुठे बसली आहे?

शिवांगी : गोलपोस्टपाशी. खांबाला मिठी मारून. दिसतेय इथून.

बाबा : तिच्या बाजूला जागा आहे का?

शिवांगी : खूप. अर्धं मैदान आहे अजून.

बाबा : मग तिथे बसू. ढोल गोल लावा तिच्याभोवती. बुलडोझरवाला असेल कुणाचा तरी बाप. पाहू, इतक्या पोट्ट्यांवर चढवतो का.

शिवांगी : आणि चढवला तर?

बाबा : वरती बसलेल्या लोकांना ऐकू जाईल. आता ढोल बंद आहे.

शिवांगी : तुमच्या कानामागून रक्त वाहतंय, शर्ट भिजलाय सगळा. माझी ओढणी घ्या ना.

बाबा : त्या भिंतीवरच्या मुलीसाठी ठेव. तिची बोटं बांधावी लागतील.

शिवांगी : बाबा, थांबा. तुम्ही सगळ्यांच्या पुढे चाललात.

बाबा : मग?

शिवांगी : पाठ झाली तुमची. पथकाकडे.

बाबा : येऊन राहिले ना सगळे?

शिवांगी : येताहेत. सगळे.

बाबा : मग चाल.